जाकिटाचा कापलेला पट्टा

हेनिंग्सवेर,
१७ जानेवारी १९८८

चि. सौ. योरून हिला दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने रचतो, तेव्हा पत्रच बरं. मी आणि मांजर दोघंही ठणठणीत आहोत. कॉड मासा अजून आलेला नाही, पण माझ्या होडीवरच्या पेडरचं नाक सांगतं की आठवड्याभरात येईल. त्याचं नाक आणि माझी होडी, असा आमचा संसार यंदाही चालू आहे.

तू दोन वर्षं माझ्या मागे लागली होतीस, म्हणून अखेर पेडरला घेऊन स्वोल्वेरला गेलो आणि पाण्यात तरंगणारे कपडे आणले. दुकानात दोन प्रकार होते. एक गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, दुसरं नुसतं जाकीट. पेडरने अंगभर पोशाख घेतला. मी नारिंगी जाकीट घेतलं. तुझ्यापाशी लाज कसली, थंडीत या वयात घडोघडी होडीच्या कडेला उभं राहावं लागतं. तेव्हा ते सगळं सोंग कोण उतरवत बसणार? दुकानातली मुलगी म्हणाली की हात वर करून दाखवा, खाली बसून दाखवा. मी तिला सांगितलं की बाई, मी मासे धरायला निघालोय, कवायतीला नाही. माप एक नंबर मोठं घेतलं, आत जाड स्वेटर मावला पाहिजे. आपल्याकडे कपडा वाढत्या अंगाचाच घेतात. आईने शाळेसाठी घेतलेला कोट मला लग्नात नीट बसला, आठवतं ना? जाकिटाला मांड्यांमधून घेऊन पुढे अडकवायचा एक पट्टा होता. तो फारच मध्ये मध्ये येतो, म्हणून घरी आल्या आल्या कापून टाकला.

धक्क्यावर दुसऱ्या होडीवाल्या लॉरिट्सने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की म्हाताऱ्याने शवपेटी घेतली ती नारिंगी का घेतली. हसलो झालं.

परवा दुपारी, इतक्या आठवड्यांच्या हिवाळी अंधारानंतर, डोंगरामागून जरासा उजेड आला. तिसरीच्या पुस्तकातली ती कविता एकदम आठवली, लाटा पाळणा हलवतात आणि कोळी त्यात निजतो ती. बाई ती म्हणताना खिडकीबाहेर बघत राहायच्या. मी समुद्राकडे तोंड करून अख्खी म्हटली. एक शब्द चुकला नाही.

सिगुर्दरावांना नमस्कार. दूर आहेस म्हणून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आन्सगारदादा

*

बर्गन,
२३ जानेवारी

ती. दादाला योरूनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचत होते. पट्टा कापल्याचं वाक्य आलं आणि ह्यांचा चमचा ताटलीत पडला. तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, सहसा बोलत नाही. मला म्हणाले की पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले की तुझ्या भावाने स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतलाय आणि वर तो ऐसपैसही घेतलाय.

दादा, जाकीट तरंगतं, माणूस तरंगत नाही. खालून पट्टा नसेल तर जाकीट वर जातं आणि तू खाली राहतोस. सैल असेल तर विचारूच नको. आणि तुला पोहता येत नाही. अण्णांचं ते म्हणणं तू अजून धरून बसलायस, की पोहणाऱ्याला समुद्र जास्त वेळ छळतो. मला ते लहानपणीही आवडायचं नाही.

एवढं ऐक. होडीत पाय ठेवण्याआधी धक्क्याच्या शिडीवरून ते जाकीट घालून पाण्यात उतर. ह्यांनी बजावून सांगितलंय की कमरेला दोर बांधायचा तो जाकिटाच्या आतून, अंगाला. दुसरं टोक पेडरच्या हातात. लोक हसतील. हसू देत. भावंडांत तू एकटाच राहिला आहेस मला.

मांजराला माझ्यातर्फे एक डोकं दे माशाचं. रागावले आहे, पण आहे तुझीच,
योरून

*

हेनिंग्सवेर,
३१ जानेवारी

चि. सौ. योरून हिला आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, लावून घे.

काल उतरलो. लग्नाला जमावीत तशी माणसं धक्क्यावर जमली होती. लॉरिट्सची बायको हाल्डिस कॉफीची किटली घेऊन आली होती. दोर मी तू सांगितलास तसा आतून बांधला, तोही तुझं मन राखायला. शिडी सोडली मात्र, आणि जाकीट माझ्याशिवाय वर निघालं. कॉलर डोळ्यांवर, चेन नाकावर, दोन्ही हात कानांशी अडकलेले. थंडीने श्वासच हिसकावून नेला. तोंड उघडलं ते पाण्यात. पायाखाली काही नव्हतं. आणि योरून, एवढ्या कविता पाठ असलेल्या माणसाला एक ओळ आठवली नाही. पाळणा नाही, बाई नाहीत, काही नाही. पेडरने ओढलं म्हणून हे लिहितो आहे. दोर जाकिटावरून बांधला असता तर त्याच्या हाती नुसतं जाकीट आलं असतं.

मी धक्क्यावर पडून खोकत होतो तेव्हा लॉरिट्स हसत होता. म्हणाला की असली जाकिटं शहरातल्या लोकांना, खरा पोशाख बघा. त्याचा अंगभर आहे, कित्येक हिवाळे वापरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घालून तो एकटा होडी काढणार होता. पेडरने हट्टाने त्याला दोर बांधला आणि शिव्या खाल्ल्या. आणि लॉरिट्सने तिथेच उडी मारली.

तो वर आला नाही. टोपी वर आली.

आम्ही सगळ्यांनी मिळून ओढला. जिवंत आहे. पोशाखात पाणी असं भरलं होतं की माणूस दुप्पट जड झालेला. आतला फोम पेडरने दाबून पाहिला, तर वाळक्या भाकरीसारखा तुटला. लॉरिट्स दर रात्री पोशाख शेगडीवरच्या खिळ्याला मोज्यांशेजारी वाळत घालायचा, त्या धगीने फोम मेला होता. इकडे सगळेच घालतात. मग हाल्डिसने किटली बर्फावर ठेवली, मासे साफ करायची सुरी घेतली आणि नवऱ्याच्या अंगावरून उतरवलेला तो पोशाख गळ्यापासून खाली उभा फाडला. जो तो घरी गेला. खिडक्यांतून दिसत होतं, पुरुष शेगडीवरून आपापले पोशाख काढून बोटांनी दाबत होते.

ज्याचा दोर तुझ्यामुळे नीट बांधला गेला, तो तुझा,
आन्सगार

*

बर्गन,
६ फेब्रुवारी

ती. दादाला सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. किती वेळ ते कळलं नाही. हे म्हणाले की अगं बस. बसता येईना.

आता समुद्र पुरे कर, असं लिहायला बसले होते. ते पान फाडलं. तुला घरात कोंडलं तर तू खिडकीशी बसून कविता म्हणत वाळून जाशील, हे मला माहीत आहे. तेव्हा जाऊ नको असं मी म्हणत नाही. जाणार असशील तर अंगभर पोशाख घे, नेमका मापाचा, आणि पुन्हा पाण्यात उतरून बघ. न जाण्याचं ठरवलंस तरी मला कळव. दोन्हींपैकी काय ते कळेपर्यंत माझी झोप तुझ्याकडे गहाण आहे.

वाट बघणारी,
योरून

*

हेनिंग्सवेर,
१४ फेब्रुवारी

चि. सौ. योरून हिला दादाचे आशीर्वाद. वि. वि.

मी आणि लॉरिट्स एकाच बसने स्वोल्वेरला गेलो. शेजारी शेजारीच बसलो. दोघांनी अंगभर पोशाख घेतले, मापाचे. इथे येऊन पुन्हा पाण्यात उतरलो. शिडीवर माझे पाय अडले तेव्हा लॉरिट्स वरून खाली आला आणि माझी कॉलर मुठीत धरून उभा राहिला. टोमणा मारला नाही. तेवढ्यानेच मला रडू यायचं बाकी होतं. मग सोडलं त्याने. तोंड वर, नाक कोरडं, वर आभाळ. छान तरंगलो. त्याबद्दल निश्चिंत राहा.

गुरुवारी कॉड आला. पहाटे पेडर होडीत बसून राहिला होता. मी एक पाय आत टाकला. दुसरा काही केल्या धक्क्यावरून उचलेना. पेडर दोराशी खेळत बसला. थोड्या वेळाने मीच लॉरिट्सला हाक मारली. नाहीतरी त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं. आता ते दोघं माझी होडी नेतात आणि दिवसभर भांडतात असं ऐकतो.

मी धक्क्यावर शाळेतल्या पोरांच्या रांगेत बसून विक्रीसाठी कॉडच्या जिभा कापतो. पोरं माझ्याहून भराभर कापतात. म्हणतात की आजोबा, असं कराल तर ईस्टर उजाडेल. होड्या दिसेनाशा झाल्या की सुरी थोडी थांबते, मग परत चालते.

तू मला जाऊ नको म्हणाली नाहीस, हे फार बरं केलंस. म्हणाली असतीस तर मी गेलो असतो.

आता झोप.

तुझा,
दादा