कात्रीनबायची सुकेळी

९ जाने. ७९, मंगळ.
शाळेतून आले तर कात्रीनबाय माझ्याच खाटेवर बसून माझेच मटार सोलतेय. घरमालकीण झाली म्हणून काय झालं? बाहेरून कडी लावून गेले होते. कुलूप लावलं की हिला राग. "टीचर, आमच्यात कोन चोर हाय?"
दादरला ब्लॉकमध्ये शेजारचे आठ वर्षांत दोनदा आले. दोन्ही वेळा बेल वाजवून.
बदलीचा तिसरा अर्ज आज टाकला. सहा महिने या गास गावात काढले, पुरे.

१२ जाने., शुक्र.
सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं, ते कात्रीनबायने चाखलं. संध्याकाळी विहिरीवर चौघींनी त्याबद्दल विचारलं. चौघींनी! त्याआधी नववीचा तास. बाराला चर्चची घंटा झाली, वर्ग प्रार्थनेला उभा, माझं समीकरण अर्धवट फळ्यावर. प्रार्थना संपल्यावर कोणाला क्ष आठवेना. मलाही.

१५ जाने., सोम.
अंगणातला मांडव केळ्यांनी भरलाय. राजेळी केळी सोलून आठ दिवस उन्हात ठेवायची, की झाली सुकेळी. रोज दव पडायच्या आत गोळा करून टोपलीत झाकायची, सकाळी पुन्हा एकेक मांडायची. एवढा उपद्व्याप, वर मधमाश्या माझ्या खोलीत.
का.बायची लेक आग्नेस बोळिंजला बाळंत झाली. ही सुकेळी तिच्यासाठी. पहिलटकरणीला माहेरची सुकेळी गेलीच पाहिजेत म्हणे. बाय दोन दिवस तिकडे. "केळी तू बघ." विचारलं नाही, सांगितलं.

१६ जाने., मंगळ.
सकाळी मांडली, संध्याकाळी गोळा केली. शंभरावर असतील. धूळ, माश्या, एक मुंगळा चिकटलेला. हे बाळंतीण खाणार? शिसारी आली. दोन बादल्या स्वच्छ पाण्यात सगळी धुतली, फडक्याने पुसली, टोपलीत भरून गच्च झाकली. बाय आली की दाखवीन, स्वच्छता कशाला म्हणतात.

१८ जाने., गुरु.
काल दिवसभर आभाळ, म्हणून मांडलीच नाहीत. आज बाय आली, फडकं उचललं. आंबूस वास, पांढरी बुरशी, खाली नुसता चिखल.
"पानी लावलं?"
धूळ होती म्हणून धुतली, म्हटलं. तिने टोपली उकिरड्यावर पालथी केली, हातपाय धुतले आणि रिकाम्या हातांनी लेकीकडे गेली.
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ जाने., सोम.
दारावर टकटक. मला वाटलं, कोण परकं आलं. का.बाय उंबऱ्याबाहेर उभी. "टीचर, तुमचं दूध ठेवलंय." तुमचं! आणि गेली.
रविवारपासून असंच चाललंय. विहिरीवरही कोणी मिठाचं विचारत नाही. शांतता हवी होती ना मंगलाबाई? घ्या. सगळे पेपर तपासून झाले, तरी संध्याकाळ सरेना. मी फार वाईट वागले, आणि माफी कशी मागायची ते...

२७ जाने., शनि.
दादरची जागा मिळाली. आठ दिवसांत लेखी होकार कळवा. दादाला कळवायला बसले, दोन ओळींपुढे जाईना. नुसता राग येत होता, कोणाचा ते कळेना.
अंगणात बाय नवा घड सोलत होती. न विचारता शेजारी जाऊन बसले. तिने मान वर केली नाही.
"हात कोरडे हायत?"
दाखवले. पहिली तीन केळी माझ्याकडून मोडली. तिने ती उचलून तिच्या पाटीत टाकली. बाळंतिणीला चूक सांगू का, विचारलं. "मी सांगितली," म्हणाली. म्हणजे बोळिंजपर्यंत पोचलेय मी.

३१ जाने., बुध.
पाच दिवस झाले, मीच मांडतेय, मीच गोळा करतेय. आज मैदानावर कवायत घेताना आभाळ आलं, तर शिट्टी पोरांच्या हातात देऊन धावले घरी. हेडसरांनी पाहिलं. पाहू देत. अजूनही दार वाजवतेच बाय.

३ फेब्रु., शनि.
होकाराचं पत्र तयार, वहीखाली आहे. उद्या रविवार, म्हणजे आजच पेटीत पडायला हवं.
दुपारी पडले होते, केस मोकळे, पातळ कसंतरी. दार धाडकन उघडलं. का.बाय. ना टकटक, ना हाक. खाटेवर बसली, केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधलेलं एक सुकेळं माझ्या हातात कोंबलं. बाकीची उद्या आग्नेसला. मग भाजीच्या टोपाचं झाकण काढून बोट चाटलं.
"टीचर, मीठ घातलं काय तू?"
मी ओरडलेच, दार वाजवायला काय होतं तुम्हाला! ती हसत पायरी उतरली, दार सताड उघडं टाकून. मला रडू आलं. इतकं बरं सहा महिन्यांत वाटलं नव्हतं.
सुकेळं संपवलं. साडेचारला पेटी उघडतात, आत्ता चार वाजून दहा मिनिटं. बोटं चिकट झालीत, पत्राला हात लावायचा तर आधी धुवायला हवीत. विहिरीवर गर्दी असेल.