जास्तीचे मणी

४ नोव्हेंबर
बिस्किटाच्या पुड्यावर 'येथून फाडा' असं छापणाऱ्या माणसाचा एकदा जाहीर सत्कार व्हायला हवा. तेथून पुडा फाटत नाही. कोठूनच फाटत नाही. ही दोन्ही हात धड असलेल्यांची कथा. माझा उजवा हात मार्चमधल्या पक्षाघातापासून खांद्याला नुसता टांगलेला आहे. अर्धा तास दातांनी झुंज दिली. शेवटी अतिथीगृहात स्वयंपाक करणाऱ्या विमलाबाईंनी कमरेची छोटी कात्री काढून दिली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ तुमच्याकडंच. अजून लय पुडे फोडायचेत तुम्हाला."

तर, सिन्नरला पोचलो. बाकी सगळं झकास. हवा थंड, खोली स्वच्छ, खिडकीतून कारखान्यांच्या पलीकडे द्राक्षबागा. वीस वर्षं सदर लिहून लोकांना टोचणारा हात परत मिळवायला आलोय. हे पान डाव्या हाताने लिहिलंय. बालवाडीतला मुलगा राजकारणावर बोलतोय असं दिसतं.

६ नोव्हेंबर
लुळ्या हातांसाठी यंत्राची बाही बनवणाऱ्या इथल्या कंपनीतल्या चैतालीने ती माझ्या हातावर चढवली. मुलगी देवळ्याची, इंजिनिअर, बोलण्यात तोफ. यंत्रमानव म्हटलं की मला पत्र्याचा डबा आठवतो; ही बाही मात्र उकडलेल्या भेंडीसारखी लिबलिबीत. आत धागे आहेत. वीज दिली की आखडतात, काढली की सैल पडतात. स्नायूच जणू.

धाग्यांना आधी बोटांची चाल शिकवावी लागते. त्यासाठी कंपनीने तालुक्यातली सर्वांत चपळ बोटं शोधली, ती विमलाबाईंची. तीस वर्षं त्यांनी द्राक्षांची विरळणी केली: घडातले जास्तीचे मणी काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. गेल्या हंगामात ही बाही घालून त्यांनी विरळणी केली. आता बाही ते माझ्या हाताला शिकवणार, हात मेंदूला. मग बाहीची गरज नाही. रोज एक पान हाताने लिहायचं, हाही उपचारच.

चैताली मला 'काका' म्हणाली. त्यापेक्षा झटका परवडला.

१० नोव्हेंबर
हे उजव्या हाताने लिहितोय. उजव्या! अक्षर माझंच, उलट जरा बरंच. हाताला स्पर्श कळत नाही, लेखणी धरलीय हे बघून समजतं. पण चालतो. विमलाबाईंना सही करून दाखवली. त्या म्हणाल्या, "माझीच बोटं दिसत्यात की."

१४ नोव्हेंबर
जेवताना गंमत झाली. पेपर वाचत होतो. बघतो तर हाताने भाजीतले बारके मटार वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावलेले. मोठे तेवढे वाटीत. विमलाबाई खूश. "बसला तुमचा हात, भाऊ. बसला का मग कात्री बी लागत नाय, नखानंच खुडायचं."

संध्याकाळी कुंडीतल्या शेवंतीच्या निम्म्या कळ्या खाली पडलेल्या दिसल्या. तिथून गेल्याचं आठवतं.

१७ नोव्हेंबर
कालचं पान हाताने परत उघडलं आणि नऊ शब्द खोडले. सगळी विशेषणं. मी नुसता बघत बसलो. वाचलं तर मजकूर सुधारलेला. वीस वर्षांत इतका रास्त संपादक भेटला नव्हता.

भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२० नोव्हेंबर
दुपारी डुलकी लागली. जाग आली तर चादरीवर थोडं रक्त. उजव्या पायाला मार्चपासून काहीच कळत नाही, म्हणून कुठून ते शोधावं लागलं. करंगळीला नख नव्हतं. ते शेजारी उशीवर ठेवलेलं, नीट. हातात कात्री.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चैतालीला पाय दाखवला. पांढरी पडली. मलमपट्टी केली, बाही लगेच उतरवली.

बाही टेबलावर. हात थांबला नाही.

तिने हाताला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "काका, हा स्वतःचा स्वतः चालतोय." रडत होती की हसत, कळलं नाही. डॉक्टर सोमवारी येतील. इंजेक्शन देऊन हात परत निजवावा लागेल, कदाचित कायमचा. हवं तर आजच नाशिकला नेते म्हणाली. मी म्हणालो, सोमवार चालेल.

हात हवा आहे मला.

तिने तो टॉवेलने पलंगाला बांधला. कात्री ज्याची त्याला देऊन टाका म्हणाली.

२२ नोव्हेंबर
दुपार. गाठ सुटलेली. विमलाबाईंची बोटं, गाठीचं काय —

उजव्या पायाची करंगळी नाही. दुखलं नाही. फडकं बांधलं. डाव्याने.

विमलाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, घडात किती ठेवायचे. म्हणाल्या, दाटी असंल तर पाचातले दोन काढायचे. बारके आधी. मग पुढचा घड.

पुढचा. डावा पाय. त्याला कळतं —

२३ नोव्हेंबर
कात्री धुतली. पुसली. लंगडत गेलो. त्या भाकरी थापत होत्या. ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, "ठिवायची की भाऊ." नको म्हणालो. उसनं होतं, फिटलं.

खोलीत. कडी लावली. हात लिहितोय, शांत. कात्री नाही. उद्या सोमवार. आता काही —

नखं. उजव्या हाताची नखं कापायची राहि