साठ्याचं प्रकरण राहिलं!

अहो,

पत्रात तरी नावाने हाक मार, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. नाही जमत. 'अहो'च बरं आहे.

आज दुपारी तुमच्या ऑफिसातल्या विकासचा फोन आला. मी नुकतीच लॅबमधून येऊन चपला काढत होते. "काकू, गुड न्यूज! प्लॅन साइन झाला. आणि काकांचं चॅप्टर आत आहे, पूर्ण!" मी त्याला म्हटलं, "थांब हं, ह्यांना सांगते," आणि फोनची वायर ताणत तुमच्या खोलीकडे निघाले. मग लक्षात आलं, तिथे आता तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसलेय. ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगू? मेघनाला हॉस्टेलवर कळवलं, तर "बाबा वुड बी सो हॅपी!" म्हणाली आणि रडत सुटली. तिला गप्प करता करता मीही रडले. पण खरं सांगू? रडून इतकं बरं फेब्रुवारीपासून वाटलं नव्हतं.

किती वर्षं त्या देशाबरोबर संसार केला मी! नदी नाही, तळं नाही, पाऊस पडला तर पेपरात बातमी येते, असा देश. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांवर सगळ्यांची तहान. आणि त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या पाण्याची काळजी कुणी करायची, तर ह्यूस्टनच्या ऑफिसात बसून पुण्याच्या एका माणसाने! इथे शुगर लँडमध्ये, ह्यूस्टनच्या या उपनगरात, आपल्या शेजाऱ्याचे स्प्रिंकलर भर दुपारी रस्ता भिजवत असायचे आणि तुम्ही खिडकीत उभे राहून दात-ओठ खायचात. जेवताना नकाशे, गाडीत नकाशे. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना विकासच्या कानात कुजबुजत होतात, "पाणी जमिनीत सोडायच्या विहिरी किनाऱ्यापासून अजून आत घ्यायला हव्यात." देशमुख वहिनी मला विचारत होत्या, "काय गं, घर बांधताय का इंडियात?"

तुमचं म्हणणं साधंच होतं. थंडीत पाणी कमी लागतं, कारखाने तर चालूच असतात. तेव्हाचं जास्तीचं गोडं पाणी विहिरींतून जमिनीखालच्या वाळूत सोडायचं. तिथे ना ते उन्हाने उडतं, ना त्याला कुणाचा धक्का लागतो. कारखाने बंद पडले, तर तेच वर उपसायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच तुमचं साठ्याचं प्रकरण. बाकीचा सगळा आराखडा उद्या कुणी बदलला तरी चालेल, पण हे प्रकरण राहिलंच पाहिजे, असं तुम्ही हॉस्पिटलातसुद्धा विकासला बजावलंत.

त्या वर्षी तिकडे समुद्रात तेलाचा तवंग पसरला होता, आठवतं? कारखान्यांची तोंडं बंद करावी लागली आणि देशभर घबराट उडाली. शहराच्या टाक्यांत होतं थोडंफार पाणी. ते संपलं की पुढे काय? तुम्ही फोनला चिकटून होतात, तोंडात घास जात नव्हता. सुदैवाने वारा फिरला, तवंग दुसरीकडे सरकला. तेव्हा सगळे म्हणाले, साठा हवाच, काय वाटेल ते झालं तरी हवा. पुढे? गरज सरो, वैद्य मरो. तेलाचे भाव पडले, इथे ह्यूस्टनमध्ये घरांपुढे विक्रीच्या पाट्या लागल्या, तिकडे खर्चाला कात्री लागली. आणि कात्री पहिली कशावर? डोळ्यांना दिसत नाही त्यावर!

एक बोलू का? चिडू नका. पन्नास वर्षांचा विचार करणाऱ्या माणसाला मंगळवारची अपॉइंटमेंट पाळता आली नाही? छातीत दुखतंय म्हणालात, मी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि तुम्ही मीटिंग आहे म्हणून कॅन्सल केलीत! त्या देशातल्या अजून जन्माला न आलेल्या पोरांची तुम्हाला काळजी. माझी नाही वाटली? फेब्रुवारीपासून मी तुमच्यावर इतकी चिडलेय, की तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावतानाही भांडतेय.

आता जे सांगणार आहे, ते नीट ऐका. जूनमध्ये युसूफसाहेब आले होते. त्या देशाच्या कमिटीचे मुख्य, तुमचे बुद्धिबळातले शत्रू. विकास त्यांना घेऊन भेटायला आला. त्यांनी खजुराचा डबा पुढे ठेवला. मी चहा-चकल्या दिल्या. मग म्हणाले, "मॅडम, या घरात मला खोटं बोलायचं नाही. साठ्याचं प्रकरण बहुधा गळेल."

"पैशांसाठी?"

"पैसा आहेच. पण कमिटी म्हणते, वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहिलेलं पाणी आमचे लोक तोंडालाही लावणार नाहीत. मग एवढा खर्च करून साठवायचं कशाला?"

पडून राहिलेलं पाणी! म्हणजे शिळं पाणी! अहो, मला एकदम हसूच फुटलं. विकास घाबरून बघायला लागला, त्याला वाटलं काकूंचं काहीतरी बिनसलं. पण हसू नको तर काय करू? हा आक्षेप तुमच्या घरात रोज सकाळी स्वयंपाकघरात उभा असायचा!

मग सांगितलं त्यांना सगळं. पुण्यात ठरलेल्या वेळी नळ यायचा आणि ताजं पाणी आलं की कालचं ओतून द्यायचं, ही आमच्या घरची शिस्त. शुगर लँडमध्ये चोवीस तास पाणी, तरी माझी तांब्याची कळशी रोज रिकामी होणार, घासली जाणार, ताजी भरली जाणार. दिवसभर लॅबमध्ये पाणी तपासणारी बाई मी, चांगलं पाणी एका रात्रीत बिघडत नाही हे मला कळत नव्हतं थोडंच! पण कळणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं. तुम्ही समजावून दमलात. पालथ्या घड्यावर पाणी! शिळं पाणी तुळशीला घालते, वाया कुठे जातंय, म्हणायचे मी. ती बिचारी तुळस कुजून गेली.

आणि मग तुमचा तो डाव! मी कळशी भरून आंघोळीला गेले, की बाजूला लपवून ठेवलेलं कालचं तांब्याभर पाणी तुम्ही तिच्यात ओतायचात. किती दिवस चाललं होतं, देव जाणे. एकदा मी टॉवेल विसरले म्हणून परत आले, तर साहेब तांब्या हातात घेऊन उभे! चोरही इतका ओशाळत नसेल. मी आकाशपाताळ एक केलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "एक दिवस तरी चव वेगळी लागली?" रागारागाने मी कळशीतला नमुना लॅबमध्ये नेला. अगदी स्वच्छ निघाला. मुकाट्याने कागद तुमच्यापुढे टाकला, तर आठवडाभर मिशीत हसत होतात.

त्याच आठवड्यात तुम्ही आराखड्यात वाक्य घातलंत ना, की साठ्यातलं थोडं पाणी पहिल्या दिवसापासून रोजच्या नळाच्या पाण्यात मिसळत राहावं? म्हणजे लोकांच्या तोंडाला सवय राहील, साठा फिरता राहील, आणि संकटाच्या दिवशी कुणी नाक मुरडणार नाही. पण असं का, ते लिहिलं नाहीत! बायकोची लाज झाकलीत का माझ्या राजा? कमिटीला वाटलं, पंप चालवायचा हा फुकटचा खर्च.

युसूफसाहेब आधी खो-खो हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "माझी आई अगदी अशीच आहे. तिच्या पेल्यात हे पाणी कसं जाणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." जाताना दारात विकासला म्हणाले, "हे कारण प्रकरणाच्या सुरुवातीला घाला. मॅडमची हरकत नसेल तर." मी म्हटलं, "नाव घालू नका, बाकी घाला!"

त्यानंतरचे महिने कसे काढले, माझं मला ठाऊक. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. आपण घरातली खाजगी गोष्ट चारचौघांत सांगितली आणि उपयोग शून्य, असं झालं तर? तुमची एवढी वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडून राहिली तर? आणि आज विकास म्हणतो, त्या कारणावर चर्चा झाली, दोन जण अडून होते तेही वळले. एक ओळसुद्धा कापली नाही हो! केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मघाशी चक्क भूक लागली. दोन वेळा भात वाढून घेतला.

युसूफसाहेबांनी निरोप पाठवलाय. पहिल्या विहिरीत पाणी सोडतील, तेव्हा मी तिथे हवी. मला एकटीला एअरपोर्टवर गेट सापडत नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी मी जाणार. पासपोर्टसाठी फोटो काढून घेते या शनिवारी. हा माझा शब्द.

तुमचं काही अर्धवट राहिलं नाही हो. माझा रागही आजपासून संपला. आता तिकडे निवांत झोपा. मीही येईन कधीतरी तुमच्याकडे, पण घाई करणार नाही. आधी ते पाणी जमिनीत उतरताना बघून येते.

तुमचीच,
सुलभा