दादाच्या बोटीचं इंजिन

रविवार, १४ डिसेंबर

दादाच्या रिमोटवरच्या छोट्या बोटीचं नायट्रो इंजिन जाम झालंय. तो गेल्यावर टाकीतलं इंधन काढायचं कोणालाच सुचलं नाही, आतून गंजलं. शर्यतीसाठी आता नवं घ्यायचं.

दुकानदार म्हणाला, "भैया, बड़ा लगाओ, बोट उड़ेगी!" त्याचीच तर धास्ती. उडून उलटली तर? दादाच्या हातची शेवटची बोट. शिवाय मोठ्यासाठी आतली लाकडी पट्टी कापावी लागेल, आणि तिच्यावर दादाची पेन्सिलची खूण आहे. ती जाईल.

वहिनी म्हणाल्या, "काहून भिऊन राहिले, भाऊजी? शोकेसमध्ये ठेवायला थोडीच बनवली त्यांनी?"

लहानच घ्यावं का? उगाच मोठ्याचं माप पट्टीवर धरलं. बरोबर खुणेवर आलं. म्हणजे दादाच कापणार होता.

करवत काढून ठेवली आहे.