सामानात जमा

४ जून
लेकीकडे आले, कायमची. माझं घर विकलं, आता हेच माझं. जावयाला ही मोठी खोली कामाला हवी होती. लेकीने ठणकावलं म्हणे, आधी आई! ऊर भरून आला. खिडकीशी माझी वेताची खुर्ची ठेवली. जावई कॅमेऱ्यांच्या धंद्यातला, त्यामुळे खोलीखोलीत एकेक डोळा. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलत्या माणसाभोवती हिरवी चौकट उमटते, बाकीचं सामान काळं होतं. माझ्याभोवतीही उमटली. नात म्हणाली, आजी, तू फ्रेममधली दिसतेस. म्हटलं, बाई गं, मला भिंतीवर टांगायला अजून अवकाश आहे.

९ जून
मी वाचत बसले की माझी चौकट विरून जाते. जावई सांगतो, बराच वेळ न हललेल्या माणसाला यंत्र सामानात जमा करतं, तुम्ही जरा चुळबुळ करत जा. चुळबुळ? मी? कॉन्व्हेंटात सिस्टरांनी ताठ, निश्चल बसायला शिकवलं, ते एका डबड्यासाठी विसरू? म्हटलं, अक्कल त्याला शिकव.

१५ जून
टेबलावर ताटं तीन. मी समोर बसलेली! खाकरले तेव्हा लेक दचकली. लक्षातच आलं नाही म्हणे. लक्ष काय गहाण टाकलंय?

१८ जून
नातीने दप्तर माझ्या मांडीवर भिरकावलं, रिकाम्या खुर्चीत टाकावं तसं. मी ओरडले. तिने वर पंख्याकडे पाहिलं, आवाज त्याचाच असावा तसं.

१९ जून
लेक पडद्यापुढे बसली होती. माझ्या आकृतीभोवती तिनेच रेघ ओढली, शेजारी टाइप केलं: सामान. जावई चाचरला, अगं, आई आहेत त्या. ती म्हणाली, खोली हवीय ना तुला?
मी दारात उभी. दोन्ही हात हलवले. तिने वळून पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत. मग पुन्हा पडद्याकडे वळली.
दिसले मी तिला. शपथेवर सांगते, दिसले.

२१ जून
फेऱ्या मारतेय. थांबले की बोटं फिकी पडतात— पडद्यावर माझ्या जागी भिंत. नुसती भिंत. पोटची पोर—

२२ जून
पाय गळाले. खुर्चीत टेकले जरा.
सामान न्यायला माणसं आलीत. वेताची खुर्ची एवढी जड कशी, एकाने विचारलं. जुनं सामान असंच असतं, लेक म्हणाली. माझ्याकडे बघून—
उचललं मला. लिहितेय, म्हणजे हात हलतोय अजून— बघ ना गं, हल