भर दुपारचा पहिला सीन

दि. १४ नोव्हेंबर, सकाळ

बारक्या,

ताईचे आशीर्वाद, नेहमीसारखेच भरभरून. प्रवास नीट झाला असेल. तुझ्या सिनेमाला तिकडे परदेशात बक्षीस मिळालं, पेपरात फोटो पाहिला. कोट झकास आहे, फक्त डावा खांदा उतरलाय. दुकानात आणून दे, बसवून देते. भावाकडून शिलाई घेत नाही मी. तुझे भावोजी मजेत आहेत. त्यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त कुरकुरतात. तुझी झाडंही जिवंत आहेत. तू किल्ली पाठवलीस तेव्हापासून एक दिवसाआड पाणी घालते, खिडकीतल्या वेलीला नवी पानं फुटलीत. आई ठीक आहे. तिचं शेवटी लिहिते.

आधी सिनेमाचं. पहिल्या खेळाचे पास तू आठवणीने पाठवलेस, आम्ही दोघं नटूनथटून गेलो. गर्दीत तुझी भेट झाली नाही आणि त्याच संध्याकाळी तुझं विमान होतं. नंतर तुझे मेसेजवर मेसेज. ताई, कसा वाटला? ताई, बोल ना! मी काही बोलले नाही. आता बोलते.

सुरुवात अशी जबरदस्त की भावोजींचा पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर तसाच राहिला. भर दुपार, रिकामं स्वयंपाकघर, नळ ठिबकतोय. संगीत नाही, काही नाही. कॅमेरा जमिनीलगत सरकत पलंगापाशी जातो. पलंगाखाली एकच चप्पल. म्हातारी झोपेतून उठते, पायाने दुसरी चाचपडते. दुसरी सापडते थेट स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात. बरं, टेबलाची एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. म्हातारी 'काय बाई' असं पुटपुटत ती सरळ करते, नळ बंद करायला जाते, वळून बघते तर खुर्ची पुन्हा भिंतीकडे! आणि तेवढ्यात काचेच्या दारामागून एक बाही सरकलेली आपल्याला दिसते. तिला दिसत नाही. मग ती म्हणते, "कोण आहे?" आणि पडदा काळा, सिनेमाचं नाव.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तुला वाटतं तेवढ्यासाठी नाही.

खेळ संपल्यावर प्रश्नोत्तरं झाली. एका मुलीने विचारलं, खून नाही, पोलीस नाहीत, रक्ताचा थेंब नाही, तरी पहिल्याच सीनला हा थ्रिलर आहे हे आम्हाला कसं कळलं? तू माईक हातात घेऊन काय बोललास, मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणालास, "अंधार लागतो, बंदूक लागते असं कोणी सांगितलं? मी भर दुपारी घाबरवतो. नेहमीचं घर घ्यायचं आणि त्यातली एकच वस्तू जागची हलवायची. बाईला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला दाखवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्यावर कोणी विश्वास ठेवता कामा नये. एवढं केलं की माणूस खुर्चीला खिळलाच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या रे, हात आपोआप वाजले.

मग कोणीतरी त्या नटीच्या आवाजाचं कौतुक केलं. 'कोण आहे' म्हणताना काय थरथरली! तू गालात हसलास. "तो आवाज तिचा नाही. तिला ती भीती काही केल्या जमेना, मग एक खरं रेकॉर्डिंग वापरलं." कोणाचं, म्हणून सगळे ओरडले. "ते गुपित आहे," म्हणालास. सगळं थिएटर हसलं.

मी नाही हसले. ज्या आवाजाने मला तीस वर्षं शाळेसाठी, जेवणासाठी, सासरी फोनवर ख्यालीखुशालीसाठी हाका मारल्या, तो मला ओळखू येणार नाही? भावोजी माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तू लिहायला म्हणून आईकडे राहायला गेलास. मला किती बरं वाटलं होतं! म्हटलं, चला, पोराला आईची आठवण झाली. आठवड्याभरातच तिचे दुकानात फोन सुरू झाले. अगं, माझी चप्पल कोणीतरी हलवतंय. अगं, खुर्ची फिरवलेली असते. दुपारी घरात कोणीतरी असतं गं. माझ्या तोंडात टाचण्या, समोर गिऱ्हाईक. मी म्हणायचे, आई, तूच ठेवली असशील. मग तू फोन घ्यायचास आणि आवाज खाली आणून सांगायचास, "ताई, दुपारी मी घरातच नसतो. हिचं काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांना दाखवू या." डॉक्टरांपुढे तर काय तोंड पाडून बसला होतास! नटीपेक्षा तुलाच घ्यायला हवं होतं सिनेमात. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायला लागली. मग तूच म्हणालास, ही आता एकटी राहू शकत नाही. वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर सही माझी आहे, कारण तू त्या दिवशी शूटिंगला होतास. फाटकाशी तिने माझं मनगट धरलं. "मी खोटं बोलत नाही गं," म्हणाली. मी लहान मुलाला म्हणतात तसं "हो हो" म्हणाले आणि मनगट सोडवून घेतलं.

एक विचारते, तेवढं खरं सांग. 'कोण आहे'नंतर तू ते रेकॉर्डिंग कुठे कापलंस? कारण आईने मला पुढचंही सांगितलं होतं. कोण आहे म्हणून झाल्यावर तिने हाक मारली, "बारक्या, तू आहेस का रे?" एकदा नाही, दोनदा. तू बाहेर जातोयस असं सांगून गेलायस, तरी हाक तुलाच. आणि तू भिंतीआड हातात यंत्र घेऊन उभा! तुला 'ओ' द्यावीशी वाटली नाही? एक अक्षर रे. रेकॉर्डिंग खराब झालं असतं, एवढंच ना?

सिनेमाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत येतं, 'आईस, जिच्यामुळे हे शक्य झालं.' एवढं खरं वाक्य तू आयुष्यात लिहिलं नसशील.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आश्रमात गेले. आठवड्याला जायचेच, पण ती गुंगीत असायची, मला वाटायचं रुळली. त्या दिवशी तिच्या पायाशी बसले, म्हटलं, आई, तुझंच खरं होतं गं. घरात खरंच कोणीतरी होतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या थांबवल्या. म्हणाले, वाट बघा, पण गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. तू तिकडे फिरत होतास तेवढे महिने वाट बघितली. नाही आलं. तेव्हा अभिनंदन, बारक्या. तू खोटं रचलंस ते आता खरं झालं.

आता जरा मान वर कर.

या पाकिटावर तिकीट नाही, पाहिलंस? पोस्टाने आलेलं पत्र तुझ्या जेवणाच्या टेबलावर कसं येईल? तू उभ्या उभ्याच वाचत असशील, बूटसुद्धा न काढता. टेबलाची एक खुर्ची बघ, कुठे तोंड करून आहे ती. आणि आतल्या खोलीच्या उंबरठ्यात एक चप्पल आहे, ती तुझी नाही. नळ मी थोडा सैल सोडलाय, ऐकू येतोय का? वळून बघितलंस ना? छान. नेहमीचंच घर आहे, एकदोन वस्तू तेवढ्या हलवल्यात. तुझ्याकडूनच शिकले.

चोर नाही. आत आई आहे.

सोबतीला एक मावशी बसवल्यात. त्यांना सांगितलंय, साहेब आले तरी हाक मारू नका, त्यांना पत्र वाचू द्या. संध्याकाळी त्या जातील. आश्रमातून आईचं नाव मी काढून टाकलंय. त्या गेल्या की तिचं खाणं, न्हाणं, दुपारची झोप, सगळं तुझ्याकडे.

माझ्याकडे ठेवली असती रे. रात्रंदिवस तोच विचार केला. पण ती मला ओळखत नाही, भावोजींना ओळखत नाही. दिवसभर एकच घोकत असते, बारक्या आला का, बारक्या जेवला का. सगळ्या जगातलं तुझं नाव तेवढं तिच्यापाशी उरलंय. नावच फक्त. परवा पेपरातला तुझा फोटो दाखवला, तर मागे सरकली आणि म्हणाली, "हा कोण? ह्याला घरात घेऊ नका."

म्हणजे बघ, आता तू आत जाशील आणि ती म्हणेल, "कोण आहे?" यंत्र नको, नटी नको, समोरासमोर. तू म्हणशील, आई, मी बारक्या. रोज म्हणशील. तुझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही.

किल्ली वेलीच्या कुंडीत ठेवलीय, मला आता लागणार नाही. आत जाताना पाय वाजवत जा. हळू येणाऱ्या माणसाला ती फार भिते.

तुझी, आणि तिचीही कोणी नसलेली,
ताई