दोन वाजताचा ताप

१८ नोव्हेंबर, मंगळवार. भोकरदन.

पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शनचा आज तिसरा दिवस. कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखण्याची गोळी घेण्याआधी ताप मोजा. केमोत संसर्ग झाला तरी गोळीनं ताप दबतो आणि कळत नाही.

दोन वाजता इतकं दुखलं, की न मोजताच गोळी घेतली. संध्याकाळी हे दुकानातून आले, तापाची वही उघडली. "दोनचा किती?" मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव. का म्हटलं? बोलणी बसतील म्हणून? की लगेच दवाखान्यात नेतील म्हणून? वीस वर्षं विज्ञान शिकवतेय आणि ताप मनानंच सांगितला. यांच्या वळणदार अक्षरातलं ते अठ्ठ्याण्णव सारखं डोळ्यांपुढं येत राहिलं. शेवटी सांगून टाकलं.

यांनी वहीतला तो आकडा खोडला. मग म्हणाले, "प्रयोगाचे आकडे बनवणाऱ्या पोरींचे मार्क तर बराबर कापतीस तू!" आणि दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, "घाबरायचं काम न्हाई, ताई. गोळीचा असर उतरला की मोजा. शंभरच्या वर गेला तर लगेच निघा."

आठला ठणका परत सुरू झाला, तेव्हा मोजला. थर्मामीटर माझ्या हातात राहूच दिलं नाही. दिव्याखाली धरून यांनी स्वतः वाचलं, दोनदा. नव्व्याण्णव.

माझ्यावर विश्वास ठेवला नाही, याचं इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.